सचिव पळाला म्हणजे टँकर आला

दुष्काळाच्या वर्षी माणसानं सकाळी सकाळी विनाकारण पळू नये.

ही गोष्ट डॉक्टरांना माहीत नव्हती. मला मात्र माहीत असायला हवी होती, कारण आष्टी तालुक्यातल्या ज्या गावात मी जन्मलो, वाढलो आणि (मुख्यतः आडवा) वाढतच राहिलो, त्या गावात त्या वर्षी माणसं फक्त एकाच गोष्टीसाठी पळत होती. टँकरसाठी!

आधी माझी ओळख करून देतो. मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, त्याची फॅट तपासायची आणि ज्याच्या दुधात पाणी निघेल त्याला चारचौघांत सांगायचं, हे माझं काम. यातलं शेवटचं काम मी जरा जास्तच आवडीनं करायचो. (त्याची फळं पुढे येतीलच.) माझं खरं नाव गाव कधीच विसरलं होतं. लहानथोर सगळे 'सचिव'च म्हणत. माझी बायको सुमन रागावली की तीही.

तर त्या वर्षी पावसानं दडी मारली. ऊस तोडायला गेलेली माणसं परत आली तेव्हा गावातल्या विहिरी कोरड्या ठाक. जनावरं गावाबाहेरच्या चारा छावणीत. संस्थेत बारा कॅन दूध यायचं, ते दीड कॅनवर आलं. काम गेलं आणि खुर्ची तेवढी राहिली. आता खुर्चीत बसलेल्या माणसाला चहा येतो, चहाबरोबर खारी येते, आणि आलेल्या वस्तूला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. अख्खा तालुका वाळत होता आणि मी एकटा फुगत होतो!

दुष्काळाची पाहणी करायला साहेबलोकांचं पथक येणार होतं, तेव्हा आदल्या दिवशी सरपंच स्वतः घरी आले.

"सचिव, उद्या तुमी घरातच थांबा."

"कावून ओ?"

"छावणीची मुदत वाढवून घ्यायचीय. तुमी समोर दिसलात तर सायेब म्हनतील, या गावाला कसला आलाय दुष्काळ!"

मी दिवसभर घरात बसलो. सुमननं बाहेरून कडी लावली. गावासाठी मी केलेला हा पहिला त्याग. (त्या दिवशीसुद्धा मी खारीच खात होतो.)

पण पुढच्याच महिन्यात मला चक्कर आली आणि सुमननं मला ओढत आष्टीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वजन केलं, कागदाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"शुगर अगदी काठावर आहे. वडील आहेत?"

"न्हाईत. हार्टनं गेले."

"कितव्या वर्षी?"

"अठ्ठेचाळिसाव्या."

"आणि तुमचं वय?"

"सत्तेचाळीस."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. त्यांनी फक्त सांगितलं, "रोज पहाटे तासभर भराभर चाला, जमलं तर पळा. तीन महिन्यांनी या. काही फरक दिसला नाही, तर मग आपल्याला वेगळं बोलावं लागेल."

सुमन बोलायला लागली की मला चिंता नसते. त्या दिवशी जीपमधून गावात येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत आष्टीच्या बाजारातून घेतलेले पांढरेशुभ्र बूट होते. उतरताना तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्यापासून पळायचं. मला तुमचा फोटो भिंतीवर लावायचा न्हाई." आणि पदर डोळ्यांना लावून पुढे निघून गेली. मी पन्नास पावलं मागे चालत होतो. तेवढ्यातही मला धाप लागली.

आता आमच्याकडची टँकरची पद्धत सांगायला हवी. टँकर शाळेपुढे यायचा, पण पाचला येईल की बाराला, याचा भरवसा नाही. म्हणून बायका आदल्या संध्याकाळीच आपापला हंडा रांगेत ठेवून द्यायच्या. जिथं हंडा तिथं माणूस. दुसऱ्याचा हंडा कुणी तसूभर हलवला तर दोन घरांचं तीन पिढ्या बोलणं बंद. आणि टँकर गावात आल्याच्या कागदावर सही करायचं काम सरपंचांनी कुणाला दिलं होतं? मला. म्हणजे टँकर आला हे गावात सगळ्यांत आधी कळणार कुणाला? मलाच!

हे सगळं मला माहीत होतं. तरीही पहाटे पाच वाजता पांढरे बूट घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन मी घराबाहेर पडलो आणि शाळेपुढून, त्या हंड्यांच्या रांगेशेजारून पळत सुटलो.

रांगेत पहिला हंडा गयामावशीचा होता. गयामावशी सत्तरीची, एकटी राहणारी. कायम पहिला नंबर तिचाच, कारण ती हंड्याशेजारीच गोधडी टाकून झोपायची. (एकवीस वर्षांत तिच्या दुधात पाणी आहे असं मी चारचौघांत सांगितलं नाही, असा महिना गेला नव्हता.) तिनं गोधडीतून डोकं वर काढलं.

"सचिवा, ए सचिवा! कावून पळायलास रं?"

मला उत्तर द्यायचं होतं. पण मी घरापासून शाळेपर्यंत पळत आलो होतो, आणि माझ्या छातीत एक शब्द बोलण्याइतकीही हवा शिल्लक नव्हती. म्हणून मी हात वर केला आणि पुढच्या रस्त्याकडे दाखवला. मला म्हणायचं होतं, 'जाऊन येतो, मग सांगतो.'

गयामावशी ताडकन उठली. "बाया हो, उठा गं! टँकर माळावर थांबलाय! सचिव पळालाय!"

एवढ्या सगळ्यांत एकटीला खरं माहीत होतं. सुमनला. ती आमच्या हंड्यापाशी येऊन बसलेली होती. तिनं ओरडून सांगितलं, "अगं, ते टँकरसाठी न्हाई, शुगरसाठी पळायलेत!" पण तोवर चाळीस हंडे, पंधरा बादल्या आणि कळशा किती ते देव जाणे, असा सगळा खडखडाट उठला होता. त्यात तिचं कोण ऐकतं!

मला मागून तो आवाज आला. माणसं धावतायत, भांडी वाजतायत, कुत्री भुंकतायत. मी मागे वळून बघितलं तर अख्खं गाव माझ्या दिशेनं येतंय! मला वाटलं छावणीतला बैल उधळला, नाहीतर आग लागली. मी जोरात पळालो. मी जोरात पळालो म्हणून त्यांना वाटलं, पाणी संपत आलंय. ते आणखी जोरात पळाले. ते आणखी जोरात पळाले म्हणून मी...

शाळेत असताना मी एकाही शर्यतीत शेवटून दुसरा आलेलो नव्हतो. कायम शेवटचा. त्या दिवशी मात्र सगळं गाव माझ्या मागे होतं.

रस्त्यात छावणी लागली. तिथं जनावरांपाशी झोपलेली माणसं उठून बसली. एकानं विचारलं, "काय झालं?" कुणीतरी ओरडलं, "सचिव पळालाय!" झालं! तेही बादल्या घेऊन सामील. एका म्हाताऱ्यानं तर म्हशीसमोरचं टमरेल उचललं.

तेवढ्यात बबन मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना कॅन बांधून माझ्या बरोबरीला आला. बबन म्हणजे आमचा शेजारी. माणूस चांगला, पण पुरतं ऐकून घ्यायची त्याला सवय नाही.

"सचिव, बसा मागं! लवकर पोचू!"

"न्हाई... डॉक्टरनी... पायीच..." मी कसाबसा म्हणालो.

"डॉक्टर? म्हंजी दवाखान्यापाशी हाय व्हय टँकर?"

आणि गाडी वळवून तो गावाबाहेरच्या सरकारी दवाखान्याकडे सुसाट गेला. त्याच्यामागे निम्मं गाव वळलं. उरलेलं निम्मं माझ्या मागे राहिलं. हे निम्मे जास्त चिवट होते.

शेवटी फाट्यावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडाला धरून मी खाली बसलो. अक्षरशः कोसळलो. माझ्याभोवती हंड्यांचं कडं पडलं. गयामावशी सगळ्यांत पुढे. एवढ्या वयात ती माझ्यापेक्षा कमी धापा टाकत होती, याची मला आजही लाज वाटते.

"कुठं हाय टँकर?"

"कसला... टँकर?"

"मग पळायलतास कावून?"

"तब्येतीसाठी."

छावणीतल्या म्हाताऱ्यानं हातातलं टमरेल खाली ठेवलं. गयामावशीनं मला डोक्यापासून पांढऱ्या बुटांपर्यंत न्याहाळलं.

"तब्येतीसाठी? आजून किती तब्येत पायजे बाबा तुला?"

आणि नेमका त्याच वेळी गावाकडून हॉर्न वाजला. लांबलचक. टँकरचा!

टँकर शाळेपुढे आला होता. तिथं एकही हंडा नव्हता. चुकलो, एकच हंडा होता. माझ्या घरचा.

दोन-तीन सेकंदांत ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात शिरली. मी त्यांचे चेहरे बदलताना बघितले. एकवीस वर्षं मी लोकांना दुधातल्या पाण्यावरून बोललो होतो, आणि आज मी बायकोचा पहिला नंबर लागावा म्हणून अख्खं गाव माळावर आणून सोडलं, असं सगळ्यांना वाटलं. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

"चल बे सचिव," कुणीतरी मागून म्हणालं. जन्मात पहिल्यांदा मला गावात कुणी 'बे' म्हणालं होतं.

दीड-दोन किलोमीटर परत. मी पुढे, गाव मागे, आणि रिकाम्या हंड्यांचा खडखडाट. वाटेत बबन भेटला. "दवाखान्याला कुलूप हाय!" असं त्यानं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

शाळेपुढे पोचलो तर काय दृश्य! टँकरचा पाइप खाली पडलेला, पाइपावर सुमन दोन्ही पाय रोवून उभी, आणि समोर टँकरचे ड्रायव्हर रशीदभाई हात जोडून उभे.

"अहो भाभी, मेरेकू आजून दोन गावं करायचीत! कब से बोलरा हूँ!"

"दहा मिनिटं थांबा, रशीदभाई. आमचं मानूस गाव घेऊन पळालंय. येतील परत."

गयामावशी पुढे झाली. "सुमन, पानी भरलंस का गं?"

सुमननं बोटानं दाखवलं. आमचा हंडा टँकरपासून लांब, पालथा घातलेला होता. कोरडा.

"तुमी सगळ्या उठलात तवा रांग मोडली," सुमन म्हणाली, "पर मला पाठ हाय. मावशी, पैला नंबर तुमचा. मग बबनची माय. मग वरच्या आळीची शांता. मग..." तिनं एका दमात सगळी रांग सांगितली. चाळीसच्या चाळीस हंडे! एकीनंही हरकत घेतली नाही. आणि आमचा हंडा तिनं उचलून सगळ्यांत शेवटी नेऊन ठेवला.

शेवटपर्यंत पाणी पुरलं नाही. त्या दिवशी आमच्या घरी अर्धा हंडा पाणी आलं. सुमननं त्याबद्दल मला एक अक्षर सुनावलं नाही, आणि म्हणूनच ते मला अजून लागतं.

एवढं झाल्यावर लोक निवळले, पण सुटका कुठली! गयामावशीच्या हंड्याला पळण्याच्या गडबडीत पोचा पडला होता. बायकांनी तिथंच घोळका करून विचार केला. सुमनही त्या घोळक्यात होती, मावशीच्या कानाशी काहीतरी बोलत होती. मला वाटलं, बिचारी माझी बाजू मांडतेय. मग मावशीनं निकाल सुनावला.

"सचिवा, पाऊस पडंस्तोवर रोज सकाळी माझं पानी तू भरायचं. चार हंडे. आन येक सांगते, पळायचं न्हाई! तू पळालास की गावाच्या जिवात जीव राहत न्हाई."

मावशीचं घर गढीवर. आमच्या गावात जुन्या पडक्या गढीचा एक उंच ढिगारा आहे, त्याच्या डोक्यावर. खालून वर नुसतं बघितलं तरी मान दुखते.

मी घरी येऊन डोक्याला हात लावला. "संपलं सगळं! आता मी पळू बी शकत न्हाई. तीन महिन्यांनी डॉक्टरला काय दाखवू?" सुमन चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बगू." मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून माझा दंड सुरू झाला. खांद्यावर टॉवेलाची चुंबळ, त्यावर हंडा. पहिल्या दिवशी चढावर मी अकरा वेळा थांबलो. (गावानं मोजलं. तेव्हा गावात दुसरी करमणूक नव्हती.) वर पोचलो तर मावशी दारातच. तिनं हंड्यात वाकून बघितलं, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सचिवा, यात पानी कमी हाय."

तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. एकवीस वर्षं वाट बघितली होती बाईनं!

रोज हेच. "आज चार बोटं कमी." "आज वाटंत देवाला घातलंस काय?" एकदा तर तिनं माझ्याच संस्थेतलं जुनं माप आणून पाणी मोजलं. पण हळूहळू अकरा थांबे सातावर आले, सातांचे तीन झाले. परत येताना मी बबनच्या आईचाही हंडा सहज उचलू लागलो. खुर्चीत बसायला वेळ मिळेना, त्यामुळे खारी आपोआप सुटली. मावशी वर मला चहा द्यायची, बिनसाखरेचा. मला वाटायचं, दुष्काळात साखर परवडत नसेल म्हातारीला.

तीन महिन्यांनी आष्टीला गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. "वा! शुगर खाली, वजन आठ किलो कमी! काय केलंत? पळालात?"

"येकदाच पळालो, साहेब. बाकी त्याचा दंड भरला."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी सुमनकडे बघितलं. ती रडत होती आणि हसतही होती. येताना जीपमध्ये ती इतकं बोलली, इतकं बोलली की ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

पुढे पाऊस झाला. जनावरं घरी आली, संस्थेत पुन्हा कॅन भरू लागले. मावशीनं मला मुक्त केलं. आणि वर्षभरात गावात नळही आले, दारोदारी. गढीवरसुद्धा. माझं अठ्ठेचाळिसावं वर्ष सरलं त्या दिवशी सुमननं दोघांसाठी बिनसाखरेचा चहा केला. आम्ही दोघं ओट्यावर बसून तो प्यायलो. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही.

पण खुर्ची ती खुर्चीच. नळ आल्यावर दोन महिन्यांत माझ्या शर्टाची बटणं पुन्हा ताणायला लागली. आणि नेमका तेव्हाच मावशीचा निरोप आला, "सचिवा, माझ्या नळाला पानी येत न्हाई रे. सगळ्या गावाला येतंय, मलाच न्हाई. म्हातारीनं काय करावं?"

मला वाईट वाटलं. हंडा उचलला. रोज सकाळी चार खेपा पुन्हा सुरू. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. सरपंच म्हणाले, "बगतो." पण बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. अशी तीन वर्षं गेली! शेवटी मी चिडून स्वतःच आष्टीहून नळवाला आणला आणि त्याला गढीवर घेऊन चढलो. त्यानं पान्हा काढला, वाकून बघितलं आणि पान्हा परत पिशवीत ठेवला.

"काय बिघाड हाय?" मी विचारलं.

"बिघाड कसला? चावी बंद केलीय की ओ कुनीतरी." त्यानं चावी फिरवली. भसाभसा पाणी आलं. तोटीला गंजसुद्धा नव्हता. संध्याकाळी रोज वापर होता तिचा!

मी मावशीकडे बघितलं. मावशी दूर डोंगराकडे बघायला लागली. मग मी घरी आलो आणि सुमनसमोर उभा राहिलो. तिनं सगळं कबूल केलं. नळाची चावी तिची कल्पना. बिनसाखरेचा चहा तिची कल्पना. आणि त्या पहिल्या दिवशी, घोळक्यात मावशीच्या कानाशी लागून सांगितलेला चार हंड्यांचा दंड, तोही तिचाच! सरपंचांना माहीत होतं, बबनला माहीत होतं, रशीदभाईंना परगावी राहून माहीत होतं. अख्ख्या गावानं मिळून मला जगवायचं ठरवलं होतं, आणि फक्त मला सांगितलं नव्हतं. मला हसू येईना, रडू येईना. मी नुसता तिचा हात धरून बसून राहिलो.

तेव्हा वडिलांच्या वयापुढं मी चार वर्षं आलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी काय करणार होतो? हंडा घेऊन पुन्हा गढी चढलो. मावशी दारातच होती. तिनं नेहमीसारखं हंड्यात वाकून बघितलं, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सचिवा, माझ्या दुधातलं पानी तुला येका मिंटात घावायचं. मग नळातलं घावायला तीन वरसं कशी लागली रं?"